जशी आहे, जेथे नाही

पैठणी ऑनलाइन मागवली आणि घरी आल्यावर पदरावरचा मोर छापील निघाला, तर गिऱ्हाईक आज अगदीच वाऱ्यावर नसते. केंद्राच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती निकाली काढायची. हे पाळले किती जाते हा भाग वेगळा, पण भांडायला हातात कागद तरी आहे. आता त्याच पैठणीच्या पैठणमधला, गोदावरीच्या पात्रातला वाळूगट संगणकावर बोली लावून घेतला आणि पात्रात उतरल्यावर वाळूच्या जागी खडक आणि गाळ दिसला, तर काय? तर विक्रेता सरकार आहे हे आठवायचे आणि गप्प बसायचे. चंदीगडमधल्या लिलावी भूखंडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवले आहे की, जाहीर लिलावात जागा ‘जशी आहे, जेथे आहे’ तत्त्वावर घेणारा हा ग्राहक नव्हेच. काय घेतोय ते त्याने आधी बघायचे होते. वाळूगट म्हणजे भूखंड नाही, हे मान्य. पण भूखंड निदान रात्रीतून ट्रॅक्टरमध्ये भरून नेता येत नाही.

म्हणून वाळूच्या ई-लिलावात सरकार नेमके विकते काय, हा प्रश्न विचारायला हवा. वाळू विकते म्हणावे, तर ती कुणालाही मिळते; त्यासाठी बोली लावावी लागत नाही, रात्रीची जाग तेवढी लागते. नियम, अटी, दंड आणि नोटिसा यांच्या टप्प्यात येण्याचा मान मात्र फक्त बोली जिंकणाऱ्याला मिळतो. आमचा दावा एवढाच आहे की हा लिलाव वाळूचा नाही. कायद्याला सापडण्याच्या हक्काचा आहे, आणि त्या हक्काला सरकारने हातची किंमतही, म्हणजे किमान बोलीही, ठरवून दिली आहे.

पुरावा हवा असेल तर दोन माणसे शेजारी उभी करा. पहिला बोली लावणारा. त्याने नोंदणी करायची, डिजिटल स्वाक्षरी काढायची, कराची कागदपत्रे चढवायची, बयाणा भरायचा. मग ठरल्या वेळी पडद्यासमोर बसून आकडे वाढताना बघायचे. १९३० च्या मालविक्री कायद्यातल्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडला की लिलाव पुरा होतो आणि तोवर कुणालाही आपली बोली मागे घेता येते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातला हा कायदा तसा बराच भला होता. ऑनलाइन लिलावात हातोडा नाही, आणि सरकारी लिलावाच्या अटींपुढे त्या भलेपणालाही फारशी जागा नाही: बोली मागे घेतली तर बयाणा जप्त, पैसे मुदतीत भरले नाहीत तरी बयाणा जप्त. सगळ्यांत वरची बोली लावली म्हणून गट मिळाला, असेही नाही. सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी येईपर्यंत त्याचा काहीही हक्क निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आणि कारण न देता सगळी प्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार तर विक्रेत्याने पहिल्याच पानावर राखून ठेवलेला असतो. मंजुरी आलीच, तर मग करारनामा, मुद्रांक, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा, पर्यावरण अनुमतीतल्या अटी (२०१२ च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरांच्या आतल्या पट्ट्यालाही ही अनुमती लागते), सीसीटीव्ही, गाड्यांना जीपीएस, खेपेखेपेला ई-पास. सूर्य मावळल्यावर उपसा बंद, पावसाळ्यात बंद, हद्दीच्या खुणेपलीकडे फावडे पडले की अटीभंग.

दुसरा माणूस म्हणजे ज्याने बोली लावलीच नाही तो. त्याच्यावर अट एकच, सापडायचे नाही. ती पाळण्यासाठी त्याने उभारलेली यंत्रणा कुठल्याही सरकारी पोर्टलपेक्षा चोख चालते. तहसीलच्या रस्त्याला मोटारसायकल लावून बसलेली पोरे ‘लोकेशन’ देतात. साहेबांची गाडी बाहेर पडली की फाट्यावरच्या पोराच्या मोबाइलवर आधी निरोप, मग पुढच्या वळणावरच्याला, आणि गाडी पात्रापर्यंत पोचते तेव्हा वाळू ओढणारी केनी पाण्याबाहेर, ट्रॅक्टर उसात आणि ओल्या वाळूवर चाकांच्या ताज्या खुणा. पंचनामा त्या खुणांचा होतो. या व्यवस्थेला सर्व्हर डाउन कधी लागत नाही.

कुणी म्हणेल, अहो, पण त्याच्यासाठीही कायदे कडक आहेत की. आहेतच. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन सोडवायला वेगळी रक्कम आहे. नदीतली वाळू विनापरवाना नेणे ही चोरीच, खनिज कायदा असला तरी दंडसंहितेचा गुन्हाही दाखल होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. राज्याने २०१५ मध्ये तर वाळू तस्करांना झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत बसवून एमपीडीएखाली स्थानबद्ध करण्याची सोय केली. त्या कायद्याचे नाव आता एका दमात वाचता येत नाही. पण या सगळ्या कडकपणाला पत्ता लागतो, नोंदणी क्रमांक लागतो, सही लागते. हे सगळे एका ठिकाणी नीट लावून ठेवलेले असते ते बोली जिंकणाऱ्याच्या फायलीत. साहजिकच नोटीस तिथे आधी पोचते. नंबरप्लेट काढलेल्या हायवा डंपरच्या मागे जायला उरतो रात्रीच्या अंधारात एक तलाठी, सोबत कोतवाल, खिशात पेन. अंगावर गाडी घातल्याच्या बातम्या महाराष्ट्रात इतक्या वेळा आल्या आहेत की त्या तलाठ्याला भ्याड म्हणायला जीभ धजावत नाही. दोष त्याचा नाही. दरोड्याच्या बंदोबस्ताला पावतीपुस्तक पाठवणाऱ्यांचा आहे.

आता विकल्या जाणाऱ्या मालाकडे वळू, कारण पैठणची खरी गंमत तिथे आहे. इथे नदीवर जायकवाडी धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून वरून येणारी वाळू आणि गाळ धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या पोटात बसतो. २७ दरवाजे उघडले की खाली पाणी येते, वाळू येत नाही. उलट रिकाम्या हाताने आलेले पाणी पात्रातली असलेली पुढे घेऊन जाते. धरणाच्या खालच्या अंगाला नवी वाळू मिळेल ती ओढ्या-नाल्यांनी आणली तेवढीच. पुढे आपेगाव आणि हिरडपुरीचे उच्च पातळी बंधारे आहेत, म्हणजे अडवाअडवीचे तेही काम चालूच आहे. थोडक्यात, दर पावसाळ्यात गोदामाई वाळूचे कोठार भरून देते हे ज्या हिशेबाचे गृहीतक आहे, ते इथे अर्धशतकापूर्वीच भिंत घालून बंद केले आहे. भिंतही सरकारचीच. तरी पात्राची मोजणी होते, ब्रासचे आकडे निघतात, आणि १०० घनफुटांचा एक याप्रमाणे ते पडद्यावर विक्रीला येतात.

मोजणी आणि विक्री यांच्या मधले दिवस हा तर स्वतंत्र विनोद आहे. पावसाळा संपल्यावर पात्र बघायचे, भूजलवाल्यांचे मत घ्यायचे, ग्रामसभेपुढे ठेवायचे, जिल्हा सर्वेक्षण अहवाल, पर्यावरणाची अनुमती, मग हातची किंमत, मग लिलाव, मंजुरी, करार, ताबा. एवढे होईतो उन्हाळा येतो आणि उपसा करायला उरतात पावसाळी बंदीपर्यंतचे मोजके दिवस. फायलीतली वाळू टेबलावरून टेबलावर जात असते त्याच महिन्यांत पात्रातली वाळू ट्रॅक्टरने जात असते, आणि या दोन प्रवासांत कुठला वेगवान हे सांगायला तज्ज्ञ नको. मालविक्री कायद्याच्या कलम ७ मध्ये म्हटले आहे की विशिष्ट माल करारापूर्वीच विक्रेत्याच्या नकळत नष्ट झाला असेल तर करार रद्दबातल. वकील लगेच सांगतील की वाळूगट म्हणजे माल नव्हे, जमिनीतून काही काढून नेण्याचा हक्क आहे, त्यामुळे हे कलम चालणार नाही. चालले असते तरी विक्रेत्याच्या ‘नकळत’ हे सिद्ध करताना तहसीलची पंचाईत झाली असती. तिथे तर चोरीच्या पंचनाम्यांचे गठ्ठेच ठेवलेले असतात. मग ज्याने गटातल्या ब्रासचे पैसे आगाऊ भरले आणि ज्याला गटात त्याच्या निम्मेही दिसत नाहीत, तो काय करतो? एक तर उच्च न्यायालयात जातो, नाहीतर हद्दीच्या खुणेपलीकडे फावडे मारतो. प्रामाणिक माणसाला चोरीचे शिक्षण देणारी इतकी पद्धतशीर शाळा दुसरी नसावी.

नदीकाठच्या ग्रामसभा अनेकदा लिलावाला नकार देतात, त्यामागचे शहाणपण बाहेरून कळत नाही. लिलाव झाला की गावचा रस्ता हायवा खातात, पात्रातल्या विहिरींचे पाणी खाली जाते आणि पैसा जिल्ह्याला जातो. म्हणून गाव ठराव करते: लिलाव नको. कागदावर नदी वाचते. पण लिलाव नाही म्हणजे ठेकेदार नाही, ठेकेदार नाही म्हणजे पात्रात राखण नाही, आणि मग ‘लोकेशन’वाल्यांना अख्खे पात्र मोकळे. गावाने हो म्हटले तरी वाळू जाते, नाही म्हटले तरी जाते. फरक इतकाच की हो म्हटल्यावर ती पावतीने जाते.

ई-लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यांत बळकट मुद्दा पारदर्शकतेचा. पूर्वी तहसीलच्या आवारात तोंडी बोली व्हायची, झाडाखाली आधीच ठरलेले असायचे, नवख्याला दमदाटी व्हायची. हे खरे होते आणि ते संपले, हे संगणकाचे श्रेय कुणी नाकारू नये. पण संगणकाने झाड काढले, संगनमत काढलेले नाही. त्याला आता सावलीची गरज नाही, फोन पुरतो. शिवाय नव्या पद्धतीत एक जास्तीची युक्ती आली आहे: बोलीच न लावणे. पहिल्या फेरीला प्रतिसाद नाही, दुसरीला नाही, मग हातची किंमत कमी करण्याचा प्रस्ताव. तोवर गट ‘लिलावाअभावी पडून’ असतो. पडून असलेल्या वाळूची काय गत होते ते वर आलेच आहे. पारदर्शक काचेतून बघितले म्हणून रिकामी बरणी भरलेली दिसत नाही.

लिलाव वाईट तर तो बंद करून पाहू, हा प्रयोगही राज्याने केला. २०२३ च्या धोरणात लिलावाला रजा दिली, सरकारी डेपो निघाले आणि ब्रासचा दर ६०० रुपये जाहीर झाला. आता जास्त पैसे देणारा नको होता. कमी पैशांत उपसून डेपोत आणून टाकीन म्हणणारा हवा होता. घर बांधणाऱ्याने ऑनलाइन मागणी नोंदवायची आणि वाहतुकीचे स्वतः बघायचे. डेपोत वाळू नाही ही तक्रार राज्यभर ऐकू येऊ लागली, आणि ६०० चा ब्रास दारात येईपर्यंत त्या आकड्याची ओळख पटेनाशी झाली. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने डेपो गुंडाळले आणि ई-लिलाव परत आणला: नदीपात्रासाठी दोन वर्षांचा, घरकुलांसारख्या कामांना १० टक्के राखून. मधल्या दोन वर्षांत नदीत काय बदलले असे विचाराल, तर पात्र आणखी खोल गेले.

जप्त वाळूच्या लिलावाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चोरीचा साठा सापडला की महसूल खाते तो जप्त करते आणि विकते. घेणाऱ्याला साठ्यापुरते वाहतूक पास मिळतात. हे साठे द्रौपदीच्या थाळीसारखे असतात, कितीही खेपा झाल्या तरी तळ दिसत नाही, अशी कुजबुज नदीकाठी सगळीकडे ऐकू येते. ज्ञानदेवांना याच पैठणात शुद्धिपत्रासाठी यावे लागले होते आणि कथा सांगते की त्यांना रेड्यामुखी वेद वदवून दाखवावे लागले. चोरट्या वाळूला शुद्धिपत्र मिळवायला इतके कष्ट नाहीत. जुन्या पासावर नवी खेप निघाली की झाले.

मग करायचे काय? आमची मागणी क्रांतिकारक नाही. ताबा देण्याच्या दिवशी घेणारा, देणारा आणि ग्रामपंचायत यांच्यासमोर पात्र पुन्हा मोजावे आणि जेवढे ब्रास खरोखर असतील तेवढ्यांचेच पैसे घ्यावेत. मोजणीपासून ताब्यापर्यंत जी घट येईल ती विक्रेत्याच्या खात्यावर. किराणा दुकानदारालाही ही अट जाचक वाटत नाही. यावर आक्षेप ठरलेला आहे: अशाने महसूल किती येणार याचा अंदाज कसा बांधायचा? आक्षेप बिनतोड आहे, कारण गौण खनिजाच्या वसुलीचे उद्दिष्ट जिल्ह्याला आर्थिक वर्ष लागल्यावर ठरवून मिळते आणि पात्र बघितले जाते ते पावसाळ्यानंतर. उद्दिष्टाच्या पत्राची प्रत तहसीलला जाते, मंडळ अधिकाऱ्याला जाते, तलाठ्यालाही जाते. जायकवाडीच्या वर अडकलेल्या वाळूला ती अजून कुणी पाठवल्याचे ऐकिवात नाही.