हँडसम पोटॅटो

“अगं, आधी ही वाटी धर. मग हे दोन फोन. फोन पडले तर पडू देत, वाटी सांभाळ. अळूचं फदफदं आहे.”

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत आहे. साताऱ्यातल्या आमच्या या गल्लीतले निम्मे निर्णय या भिंतीवर होतात आणि उरलेले निम्मे इथे येऊन बदलतात. भिंतीचा रस्त्याकडचा कोपरा तुटलाय. तो आमच्या पाण्याच्या टँकरने तुटला असं काकूंचं म्हणणं, त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या मांडवाने तुटला असं आमचं. त्यामुळे कोपरा तसाच आहे. वाट्यांची देवाणघेवाण अलीकडच्या टोकाला चालते.

“दोन फोन कशाला?”

“हा यांचा जुना, हा नवा. लेकाने पाठवलाय पुण्याहून. जुन्याचं काही खरं नाही आता, सकाळी भरला की दुपारी मान टाकतो. आणि मुंजीचे सगळे फोटो त्याच्या पोटात.”

“मग घ्यायचे की नव्यात.”

“घेतले ना! यांनी दोन दिवस बसून चॅटवरून पाठवले. त्यातला एक घेऊन राजवाड्यापाशी फ्रेमवाल्याकडे गेले, म्हटलं बारा बाय अठराची फ्रेम करू. तो म्हणतो, काकू, फोटो फुटतोय. मी म्हटलं, अरे मुंजमुलगा आहे तो, फुटतोय काय! मग त्याने मोठा करून दाखवला. तोंडाचे नुसते चौकोन. मातृभोजनाच्या फोटोत तर लाडू कुठला आणि गाल कुठला कळेना.”

मी हसले, पण दोष काकांचा नव्हता. चॅटच्या अ‍ॅपमधून साधा फोटो पाठवला की ते अ‍ॅप आधी तो पिळून लहान करतं. चार-पाच एमबीचा फोटो पलीकडे पोचेपर्यंत काही शे केबीचा झालेला असतो. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, कारण पडदा केवढासा. फ्रेमवाल्याकडे गेलं की पितळ उघडं पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून एचडीचं बटण आहे, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांना मधे थांबवून काही सांगता येत नाही.

“आणि तारखा बघ,” काकूंनी नवा फोन नाकासमोर धरला. “मुंज २०२३ च्या मे महिन्यातली, आणि हा म्हणतो गेल्या मंगळवारची. मंगळवारी तर मी उपवासाला होते.”

“काकू, मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला, कुठल्या फोनने काढला, लोकेशन चालू असेल तर कुठे काढला, सगळं लिहिलेलं असतं. चॅटवरून पिळून पाठवला की ते पुसलं जातं. मग नवा फोन आपला, आला तो दिवस लिहून मोकळा.”

“म्हणजे जन्मतारखेच्या जागी शाळेत घातल्याची तारीख.”

“अगदी तसंच.”

बाकीचे उपायही करून झाले होते. काका आधी ते जुनं शेअरइट शोधत बसले. ते आणि झेंडर दोन्ही जून २०२० मध्ये टिकटॉकबरोबर बंदी घातलेल्या त्या एकोणसाठ अ‍ॅपांच्या यादीत गेली, हे ते दर वेळी नव्याने ऐकतात आणि दर वेळी नव्याने हळहळतात. मग ब्लूटूथ. एका फोटोला पंधरा-सोळा सेकंद. फोटो सोळाशे, म्हणजे सात तास आणि तेवढा वेळ जुना फोन जिवंत राहायला हवा. लेक म्हणाला, गूगलवर चढवा. तिथली फुकटातली पंधरा जीबी कधीच भरलेली, बहुतेक सुप्रभाताच्या फुलांनी. शिवाय गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीने परवा केबल उखडलेली, त्यामुळे अख्ख्या गल्लीचं नेट बंद. मोबाइलच्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी. फोटो साडेसहा जीबी.

“म्हणजे आता केबलवाला येईपर्यंत बसायचं,” काकू म्हणाल्या. “तो म्हणतो सोमवारी. सोमवार कुठला ते नाही सांगत.”

“वाय-फायवरून पाठवू की.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या सासूबाई गॅस बंद करायला विसरल्या की मी त्यांच्याकडे बघते, तसं. “अगं, नेट बंद आहे ना!”

हा घोळ काकूंचाच नाही. नेट आणि वाय-फाय ही एकाच माणसाची दोन नावं आहेत असं आमच्या घरातही निम्मी मंडळी समजतात. वाय-फाय म्हणजे घरातल्या राउटरपासून फोनपर्यंतची वाट. नेट म्हणजे राउटरच्या मागून केबलने बाहेर जाणारी. जेसीबीने बाहेरची तोडली, आतली शाबूत आहे. राउटरला लाइट असली की झालं.

“आता ही वाटी तुम्ही मला भिंतीवरून दिलीत. का आधी पार्सल करून मुंबईला पाठवलीत आणि तिथून माझ्याकडे आली?”

“वेडी का तू. निवेल की.”

“क्लाउडवरून फोटो जातात ते तसे. या फोनमधून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, आणि तिथून परत याच भिंतीवरच्या दुसऱ्या फोनमध्ये. घरच्या वाय-फायवरून गेले तर या फोनमधून राउटर, राउटरमधून तो फोन. पॅक खर्च होत नाही, फोटो पिळला जात नाही, तारीख पुसली जात नाही.”

मग दोन्ही फोनवर मोबाइल डेटाने लोकलसेंड घेतलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आयफोनवरही चालतं. अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर असतंच, पण माझ्या भाचीचा आयफोन, भाच्याचा लॅपटॉप, असा मेळा जमला की मला हे बरं पडतं. (भाची येते तेव्हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आपापसात एअरड्रॉप चालतो आणि आम्ही बाकीचे पंगतीबाहेर बसल्यासारखे बघत राहतो. तिने पाठवलेले फोटो आमच्या जुन्या फोनवर उघडायचेच नाहीत. आयफोन २०१७ पासून फोटो हेक नावाच्या वेगळ्याच बांधणीत ठेवतो. सेटिंगमध्ये कॅमेऱ्यात जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करायला लावलं तेव्हा कुठे नवे फोटो उघडायला लागले.)

या अ‍ॅपची एक गंमत आहे. ते प्रत्येक फोनचं आपल्या मनाने बारसं करतं; एखादं विशेषण आणि पुढे फळ नाहीतर भाजी. काकांचा जुना फोन उघडला, वर लिहून आलं ‘हँडसम पोटॅटो’.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “कसं गं कळतं याला?”

नवा फोन ‘वाइज ओनियन’ निघाला. आता कांद्याच्या यादीत बटाटा दिसायला हवा आणि बटाट्याच्या यादीत कांदा. दिसेनात. परवानगी बघितली, दिलेली होती. दोन्ही बंद करून चालू केले. मग मला आमच्या माडीवरच्या भाडेकरू मुलांची आठवण झाली. त्यांना मी पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय दिलंय. त्यावरच्या फोनना नेट मिळतं, पण एकमेकांचं तोंड दिसत नाही, आपला प्रिंटरही दिसत नाही. व्यवस्थाच तशी असते. मागे एकदा माझाच फोन चुकून त्यावर राहिला होता आणि मी अर्धा दिवस अ‍ॅपला शिव्या घालत होते. म्हटलं, काकूंकडे काही तसलं आहे का बघू.

नव्या फोनचं वाय-फाय बघितलं: ‘मोरया’. काकूंचं. बरोबर.

जुन्याचं बघितलं: ‘तुळजाई’.

तुळजाई आमचं.

“काकू, हा फोन आमच्या वाय-फायवर आहे.”

“असेल. तूच नव्हता का पासवर्ड दिलास? गणपतीत. आमचं बंद पडलं होतं, पाहुणे आले होते.”

“ते गेल्याच्या गेल्या गणपतीत!”

“मग मी काय काढलं नाही ते,” काकू शांतपणे म्हणाल्या. “त्याचं तोच धरतो. संध्याकाळी यांचा फोन मी घेते ना स्वयंपाकघरात, पोळ्या होईपर्यंत मालिका बघते. आमचं ते डबडं पुढच्या खोलीत, तिथून मागे पोचतच नाही. तुझं बाई छान येतं.”

साडेसात ते साडेआठ. दोन वर्षं मी कंपनीला फोन करतेय की संध्याकाळी नेट रखडतं. तंत्रज्ञ तीनदा येऊन गेला, राउटर बदलून घेतला, नाव-पासवर्ड जुनेच ठेवले कारण घरातल्या सगळ्यांचे फोन पुन्हा कोण जोडत बसणार. आमचा राउटर हॉलच्या खिडकीत, खिडकीसमोर भिंत, भिंतीपलीकडे काकूंचा ओटा. त्यांच्या स्वतःच्या राउटरपेक्षा आमचा त्यांच्या पोळपाटाला जवळ.

“पण तुमच्याकडे ते फाइव्ह जीवालं पण दिसतं,” काकूंनी विषय पुढे नेला. “ते नाही धरत मेलं. ते मोबाइलचं का?”

“नाही हो. ते पाच गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही, नावं तेवढी सारखी ठेवलीत लोकांनी. ते वेगाने पळतं पण सोवळ्यातलं आहे, भिंत आडवी आली की मागे फिरतं. दुसरं आहे ते दोन पॉइंट चार. हळू जातं, पण कुठेही शिरतं.”

“आमच्या जाऊबाईंसारखं.”

मी जुन्या फोनवर आमच्या वाय-फायवर बोट दाबलं. फोन मराठीत लावलेला. खाली बटण आलं: ‘विसरा’.

“बघ बाई. तीस वर्षांचा शेजार, आणि विसरा म्हणतो. राहू दे गं ते. गणपतीत लागेल. त्यापेक्षा नवा पण तुझ्याचवर घे, जवळ आहे ना.”

आणि मी घेतला. हे लिहिताना मला माझाच राग येतोय, पण हातात त्यांची वाटी होती. नव्या फोनने लगेच सांगितलं की इथे इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का? हो म्हटलं. इथे ‘नाही’ म्हटलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर पळतो आणि माणूस शोधत बसतो. दोन सेकंदांत कांद्याला बटाटा दिसला. सोळाशे फोटो निवडले, बटाट्यातून पाठवा म्हटलं, कांद्याने विचारलं घेऊ का, घे म्हटलं. सेकंदाला एक या हिशेबाने आकडा सरकायला लागला. जुना फोन चार्जरला लावून भिंतीवर ठेवला आणि त्याचा पडदा झोपणार नाही असं केलं. पडदा झोपला की काही फोन मागचं कामही झोपवतात.

“रस्त्यावरनं जाणारा कोणी बघेल का गं मधेच?”

“आपल्या वाय-फायवर असल्याशिवाय नाही.” हे बोलून मी जरा थांबले. आपल्या वाय-फायवर कोण कोण आहे हे आता मला कुठे ठाऊक होतं?

मग अर्धा तास दुसरं काम नव्हतं. वरच्या मुलांपैकी एकाचं लग्न ठरलं की नुसतीच मुलगी येऊन गेली, इथपासून सुरू झालं. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकाला बाई ठेवली आणि ती बाई काकूंच्याच मसाल्याची कृती तिथे करते, हेही झालं. मधेमधे काकू नव्या फोनमध्ये आलेले फोटो उघडत होत्या. गॅस बुकिंगची पावती. काकांच्या अंगठ्याचे अकरा. वीजबिल. मग मुंज लागली. घेरा, हळदीचं धोतर, मातृभोजन. मोठा करून बघितला. लाडवावरचा बेदाणा दिसत होता.

“आता फुटू दे म्हणावं त्याला!” काकू खूश झाल्या. “तारीख कशी बघायची?”

“फोटो वर सरकवा. हे बघा. चौदा मे २०२३.”

तो नाद लागला मग. प्रत्येक फोटो वर सरकवून तारीख आणि वेळ वाचायची. भिक्षावळ, सायंकाळी सहा. आहेर, रात्री नऊ. मग दुसऱ्या दिवशीचा एक आला. काकांनी काढला असावा, कारण थोडा तिरका होता. मांडववाला बांबू ओढतोय. मागे ही भिंत. भिंतीला रस्त्याकडचा कोपरा नाही, आणि त्याच्या विटा आमच्या तगरीवर पडलेल्या.

काकूंनी सवयीने वर सरकवला. पंधरा मे २०२३, सकाळी ८:५२.

आमचा टँकर त्या वर्षी जूनच्या मध्याला आला होता. पाऊस लांबला होता म्हणून तर मागवला.

मी काही बोलले नाही. काकूंनी फोन आडवा केला, उभा केला, बोटांनी मोठा केला. फार स्वच्छ आला होता. एकेक वीट मोजता येत होती.

“यापेक्षा चॅटवरूनच बरं होतं गं,” काकू म्हणाल्या आणि वाटी न घेताच आत गेल्या.