ढाक्याच्या माजी सेन्सॉर बोर्डास जाहीर आभारपत्र

माननीय बांगलादेश फिल्म सेन्सॉर बोर्ड (माजी), मुक्काम ढाका, यांस सादर सलाम.

पत्रास कारण की, २०२४च्या सप्टेंबरात आपल्या दारावरची ‘सेन्सॉर’ पाटी उतरून तिथे ‘सर्टिफिकेशन’ची पाटी लागली. भारतातल्या आपल्या भावंडाने हे बारसे १९८३ मध्येच उरकले होते आणि त्यानंतरही त्याच्या कात्रीला गंज चढल्याचे कुणी पाहिलेले नाही. तेव्हा चिंता नसावी. मात्र नव्या नावाच्या गडबडीत जुनी कामगिरी विस्मरणात जाऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र.

कामगिरी २००२ सालची. तारेक मसूद यांचा ‘माटिर मोयना’ त्या वर्षी मे महिन्यात कान महोत्सवातल्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कारही त्याने आणला. दुसऱ्या एखाद्या देशाने पेढे वाटले असते. आपण बंदी घातली. विषय धार्मिकदृष्ट्या नाजूक आहे म्हणे.

चित्रपटातला काळ साठच्या दशकाच्या अखेरचा, मुलूख पूर्व पाकिस्तान. होमिओपॅथीवर आणि धर्मावर सारखीच श्रद्धा असलेले काझीसाहेब मुलगा अनू याला मदरशात धाडतात. घरी त्याची धाकटी बहीण आस्मा आजारी पडते, बाप ॲलोपॅथीचे औषध देऊ देत नाही आणि पोर हातची जाते. मदरशात रोकोन नावाचा एकटा पडलेला मुलगा आहे. त्याच्या कानात आवाज घुमतात, तर उतारा म्हणून त्याला थंडगार पाण्यात बुचकळतात. हे काही मसूद यांनी ऐकीव गोष्टींवरून रचलेले नव्हते. ते स्वतः मदरशात शिकले होते. एखाद्याने आपले बालपण आठवले तरी दुसऱ्याच्या भावना दुखावू शकतात, या शोधाबद्दल बोर्डाचे पहिले आभार.

गंमत अशी, की चित्रपटातला सर्वांत मायाळू माणूस मदरशातलाच आहे. मुलांच्या शिक्षणात राजकारण घुसवू नये असे मानणारे हे इब्राहिम हुजूर. आणि चित्रपटाचा प्राण आहे तो बाउल गायकांच्या सवाल-जवाबांत. शरियत मोठी की मारिफत, म्हणजे धर्माचे नियम मोठे की अंतरीची ओळख, यावर एक गायक आणि एक गायिका भर सभेत गाण्यातून भिडतात आणि गाव मांडी घालून ऐकते. बंगालच्या खेड्यांत असे वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आले, तेही कुणाच्या दाखल्याविना. खेडुतांना जे पेलले, ते ढाक्यात तिकीट काढून बसणाऱ्याला झेपणार नाही, हे आपण त्याला चित्रपट न दाखवताच ओळखलेत. दुसरे आभार या अंतर्ज्ञानाबद्दल.

पुढे अपील झाले, बंदी उठली आणि वर्ष सरायच्या आत चित्रपट देशात लागलाही. इतकेच नव्हे, ऑस्करला गेलेली बांगलादेशाची पहिलीवहिली प्रवेशिका हीच. त्याच वर्षी ७ डिसेंबरला, ईदच्या गर्दीत, मैमनसिंगच्या चार चित्रपटगृहांत बॉम्ब फुटले. माणसे मेली. ज्यांनी ते ठेवले, त्यांनी परवान्यासाठी आपल्याकडे अर्ज केलेला नव्हता.

मसूद २०११ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. आपले काम मात्र थांबले नाही. १ जुलै २०१६ला ढाक्याच्या होली आर्टिझन बेकरीवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या प्रेरणेतून मोस्तफा सरवर फारुकींनी ‘शनिबार बिकेल’ काढला, तोही एकाच अखंड शॉटमध्ये. २०१९ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात तो दाखवला गेला. ढाक्यात देशाच्या प्रतिमेची काळजी आडवी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच हल्ल्यावरचा हंसल मेहतांचा ‘फराज’ मुंबईच्या थिएटरांत लागला, तेव्हा फारुकींची फाइल चौथे वर्ष ओलांडून गेली होती. शेजाऱ्यांनी आपल्या जखमेवर हिंदीत सिनेमा काढावा आणि आपल्याच माणसाने बांगलात काढलेला कपाटात राहावा, या आदरातिथ्याचे आभार कसे मानावेत, हे पत्रलेखकाला सुचत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच फारुकींनी हंगामी सरकारचे सांस्कृतिक सल्लागार म्हणून शपथ घेतली. ही बातमी वाचून आपल्या जुन्या सदस्यांपैकी कुणाला घाम फुटला असल्यास तो पुसावा. आपले बोर्ड माहिती खात्याच्या अखत्यारीत येते. संस्कृतीशी त्याचा संबंध नाही.

कळावे, लोभ असावा.

भावना अद्याप शाबूत असलेला,
एक प्रेक्षक