चरबीव्रताचे उद्यापन

अधिकार
तीन-चार महिने फॅट बर्नरच्या गोळ्या गिळून, भाताशी अबोला धरून आणि घरच्यांवर खेकसून ज्याने पोट सपाट केले, त्यानेच हे उद्यापन करावे. ज्याचा डबा अजून सीलबंद आहे, त्याने नुसते श्रवण केले तरी चालेल. पुण्य कमी पडेल, पैसे वाचतील.

विसर्जन
प्रथम डब्यामागचे लेबल भिंग लावून वाचावे. नावे अनेक, पण नवसाला पावणारे दैवत बहुधा एकच, कॅफिन. ते कॉफीतही वास करते आणि तिथे स्वस्तात भेटते. सोबत ग्रीन टीचा अर्क असतो. कपातला चहा गरीब. पण गोळीतल्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अशा गोळ्यांत एकेकाळी इफेड्रा नावाचे उत्तेजकही राजरोस नांदत होते. अमेरिकेने त्याला २००४ मध्ये हाकलले. सबब डब्याला नमस्कार करून तो केराच्या टोपलीत सोडावा. नदीत सोडू नये. मासे मुळातच सडपातळ असतात.

शांती
भात ताटात परतला की आठवड्याभरात काट्यावर किलो-दीड किलो चढते. आक्रोश करू नये. भातातून स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन येते. ही चरबी नव्हे. घाबरून नवा डबा मागवणाऱ्यास व्रत पहिल्यापासून लागते. मात्र वजन उतरलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी खाण्यावर चालते आणि भूक वाढलेली असते. म्हणून ‘किती रे वाळलास, घे अजून एक पुरणपोळी’ हा मावशीचा आग्रह अर्ध्या पोळीवर मिटवावा.

नैवेद्य
वजन उचलणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. सत्तर किलोच्या साधकाला ११२ ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम. कांदेपोह्यांवर कोथिंबीर कितीही पेरली तरी हा आकडा उगवत नाही. तेव्हा डाळी, मटकी, पनीर, मासे, चिकन आणि सुक्या वजनाला निम्मे प्रथिन असणारे सोया चंक्स यांना शरण जावे. व्हे चालेल, पण शेकर तत्काळ धुवावा. रात्रभर बॅगेत राहिलेल्या शेकरचे झाकण उघडताच शेजारचा बेंच आपोआप रिकामा होतो. क्रिएटिन रोज तीन ते पाच ग्रॅम ठेवावे. डब्यांच्या त्या गर्दीत पुराव्याने उभे राहणारे ते एक. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी नैवेद्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मुख्य विधी
बहुसंख्य भाविक इथेच घसरतात. डबा चालू ठेवतात, जिम बंद करतात. हे उलट करायचे आहे. स्नायू कमावणे कष्टाचे, राखणे स्वस्ताचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अलाबामातल्या अभ्यासात तरुणांनी मूळ व्यायामाच्या एकनवमांशावरही स्नायू टिकवले; साठीपुढच्यांना तेवढा पुरला नाही. म्हणून लग्नसराईत, वर्षअखेरीच्या हिशेबांत वेळ नसेल तर सेट कमी करावेत, रॉडवरच्या प्लेटा नव्हेत. ऐंशी किलोचा स्क्वॉट ऐंशीचाच राहू द्यावा, पाचाचे दोन सेट करावेत. हलकी डंबेल्स घेऊन आरशासमोर पन्नास वेळा हलवणे हा विधी नसून आरती आहे. ट्रेनर ‘दादा, अजून एक!’ म्हणाला तर ऐकावे. ‘दादा, नवा स्टॉक आलाय’ म्हणाला तर ऐकू येत नसल्यासारखे करावे. रात्री सात-आठ तास झोपावे. ही सेवा विनामूल्य असल्याने तिची जाहिरात कुणी करत नाही.

फलश्रुती
जो हे यथासांग करील, त्याला पुढल्या वर्षीही गॅसचा सिलिंडर एकट्याने उचलता येईल. जो न करील, त्याला पुढल्या जानेवारीत सवलतीच्या दरात दोन डबे मिळतील. जिमची वार्षिक फी तर भरलेलीच आहे. उद्या सकाळी जा.