कळवळ्याचा रकाना

कृषी उत्पन्न बाजार समिती, म्हणजे 1963 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे नियमन करणारी संस्था. तिच्या कचेरीतील जागेसाठी केलेल्या अर्जांत ‘शेतकऱ्यांविषयी मनापासून कळवळा’ हा गुण टंकलेखनाच्या वेगाशेजारी इतक्या निःशंकपणे नोंदलेला असतो की, त्याचाही दाखला तहसील कचेरीत मिळत असावा. वस्तुतः या कामातील आस्था फार रुक्ष जागी वसते: तोलाराने, म्हणजे परवानाधारक मापाड्याने, सांगितलेले वजन हिशोबपट्टीत, म्हणजे विक्रीची रक्कम व वजावटी दाखवणाऱ्या कागदात, जसेच्या तसे उतरते की नाही, आणि फळे-भाजीपाल्यावरील अडत, म्हणजे दलालाचे कमिशन, 2016 मध्ये शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकल्यानंतरही ती ‘इतर खर्च’ अशा सोज्ज्वळ नावाने परत येते काय, हे पाहण्यात. अशा पट्ट्या तपासण्याची, किंवा शेवटची एसटी सुटण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती पैसे पडावेत म्हणून खटपट करण्याची तयारी मात्र अर्जात सहसा आढळत नाही. कारण ती लिहिणारा उमेदवार उद्या अडत्यांशी वाद घालील, अशी रास्त शंका येऊ शकते, आणि समितीच्या संचालक मंडळात तर कायद्यानेच व्यापारी-अडत्यांचे प्रतिनिधी बसलेले असतात.