विज्ञानाला कोण लावलंय?

अभिनंदन! तुमचं मूल नववीत गेलं. आजपासून सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नात अक्षता टाकता टाकता तुम्हाला एकच प्रश्न विचारला जाणार आहे : ‘‘विज्ञानाला कोण लावलंय?’’ याला ‘अजून कोणी नाही’ हे उत्तर चालत नाही. ते दिलंत तर समोरच्या बाई तुमच्याकडे ज्या नजरेने बघतील, त्या नजरेने माणसं आयसीयूच्या बाहेर एकमेकांकडे बघतात.

मी डोंबिवलीत राहते. मुलीची दहावी काढली आहे, मुलाची काढते आहे. तेव्हा माझ्या अनुभवाचा फायदा घ्या. फी नाही. नोट्सचे पैसे वेगळे.

1. वेळेत सुरुवात करा, म्हणजे उशीर झालेला असेल

दहावीची व्हेकेशन बॅच नववीचा निकाल लागायच्या आधीच, एप्रिलात सुरू होते. मूल नववी पास झालं की नाही हे शाळेने सांगायच्या आत ते दहावीत गेल्याचं क्लासला कळलेलं असतं. त्या बॅचच्या जागा दिवाळीत भरतात. म्हणून चौकशी गणपतीत करायची; दर्शनाला ज्या घरी जाल तिथे मोदकाबरोबर सरांचा नंबर घ्यायचा.

तुम्ही जानेवारीत शोधायला निघालात? अरेरे. असू दे, पाणी प्या. एखादी जागा निघते. कोणाच्या तरी बाबांची बदली होते.

2. पाठ्यपुस्तक उघडू नका

‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’, भाग 1 आणि भाग 2. दोन्हींत दहा-दहा धडे. लेखी परीक्षा 40 आणि 40 गुणांची, शाळेतल्या प्रात्यक्षिकाचे 20. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि फुकट आहेत म्हणूनच त्यांच्यावर कोणाचा विश्वास नाही. तुम्हीही ठेवू नका. चुकून एखादा धडा वाचलात आणि तो समजला, तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. आमच्या ओळखीतल्या एका बाबांनी ‘अवकाश मोहिमा’ हा धडा वाचला. त्यांना तो आवडला. मग ते मुलाला घेऊन रोज रात्री गच्चीवर जाऊन बसायला लागले. चार दिवस घरात क्लासचा विषयच नाही. त्यांना माणसांत आणायला बायकोला बरेच कष्ट पडले.

3. चपला मोजा

सर कसे आहेत हे त्यांच्या शिकवण्यावरून ठरवायला जाऊ नका. तेवढा वेळ कोणाला आहे? संध्याकाळी साडेसहाला क्लासच्या दाराशी जा आणि बाहेरच्या चपला मोजा. दहा जोड असतील तर सर होतकरू आहेत. नमस्कार करून पुढे व्हा. पंचवीस-तीस असतील तर नाव टिपून ठेवा. चपला जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरल्या असतील, खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहून तोंडसुख घेत असतील, आणि एखादा मुलगा एका पायात आपली नि दुसऱ्या पायात भलत्याचीच चप्पल घालून रडकुंडीला आला असेल, तर थांबा. तुमचा शोध संपला. इथे गर्दी आहे म्हणजे इथे ज्ञान आहे. देवळाच्या आणि वडापावच्या बाबतीत आपण हाच नियम लावतो, आणि डोंबिवलीत तो सहसा चुकत नाही.

मुलीला मी अशाच एका ठिकाणी घातलं होतं. फडके रोडपासून आत, वन बीएचकेच्या हॉलमध्ये पंचावन्न मुलं. मागच्या रांगेतल्यांच्या पाठी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकलेल्या. फळा ज्यांना दिसायचा त्यांना पंखा लागायचा नाही, ज्यांना पंखा लागायचा त्यांना फळा दिसायचा नाही. पाटीवर लिहिलं होतं, ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’. ते अगदीच खोटं नव्हतं. फी थकली की सर पंचावन्नांमधून नेमकं नाव घेऊन हाक मारत.

4. फ्लेक्स वाचायला शिका

निकालानंतर चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. गोल चौकटीत चेहरे, खाली दोन दशांश स्थळांपर्यंत टक्के. एकच मुलगी तीन फ्लेक्सवर हसताना दिसली तर गोंधळू नका. गणित एकाकडे, विज्ञान दुसऱ्याकडे, टेस्ट सिरीज तिसऱ्याकडे असा तो हिशेब असतो. टक्के मात्र तिघांनीही पूर्णच उचललेले असतात. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सहापैकी सगळ्यांत कमी गुणांचा विषय गळतो, चित्रकलेचे नाहीतर खेळाचे वाढीव गुण वरून मिळतात, आणि हे सगळं शेवटी सरांच्या विज्ञानाच्या खात्यात जमा होतं.

फ्लेक्सवर नसलेल्या मुलांचं काय झालं, असं विचारू नका. ते बरं दिसत नाही.

5. कायद्याला घाबरू नका

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याचं 28 वं कलम सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. म्हणून शाळेतल्या सरांना शिकवणीबद्दल कधीही विचारू नये. त्यांच्या मिसेसना विचारावं.

पुढे जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देऊ नये. एका ठिकाणी फॉर्म भरताना मी हे धीर करून बोलून दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने मान वरही केली नाही. ‘‘ताई, आमचं कोचिंग सेंटर नाहीये. ॲकॅडमी आहे.’’ मी गप्प बसले. अभ्यास पक्का होता तिचा.

6. पैशांचं बोलणं

‘फी किती?’ असं विचारलंत तर तुम्ही नवखे आहात हे लगेच कळतं. ‘स्ट्रक्चर काय आहे?’ असं विचारा. स्ट्रक्चर म्हणजे फी, अधिक नोट्स, अधिक टेस्ट सिरीज, अधिक क्लासचं नाव छापलेली सॅक. सॅक नको म्हटलंत तरी पैसे कमी होत नाहीत. पुढे प्रश्न येईल, ‘पावती पक्की हवी की कच्ची?’ पक्कीवर 18 टक्के जीएसटी आहे. कच्ची म्हणजे सरांच्या वहीत पेनाने केलेली बरोबरची खूण. तुम्ही प्रामाणिक नागरिक आहात, तेव्हा क्षणभर विचार करा आणि मग सगळे करतात तेच करा.

शिवाय, फक्त दहावी पुरतं विचारणाऱ्याला फारसा मान नाही. अकरावी-बारावीचं ‘इंटिग्रेटेड’ आत्ताच घेतलंत तर सवलत आहे. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटरचा मुक्तिवेग लागतो, असं पहिल्याच धड्यात दिलं आहे. क्लासच्या पकडीतून सुटण्याचा वेग पुस्तकात दिलेला नाही.

7. माध्यम

सेमीची मुलं ‘रिफ्रॅक्शन’ म्हणतात, मराठी पुस्तक ‘अपवर्तन’ म्हणतं, घरात मोठी माणसं ‘वक्रीभवन’ म्हणतात. सर तिन्ही म्हणतात, एकाच वाक्यात. प्रकाश बिचारा तिन्ही वेळा तेवढाच वळतो.

8. डेमो लेक्चर

डेमोला मुलाला बरोबर न्या, पण त्याला बोलू देऊ नका. मी ही चूक केली.

पहिल्या डेमोत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ चाललं होतं. बल्बचं कुंतल टंगस्टनचं का करतात? सरांनी तीन मुद्दे सांगितले, मुलांनी ते तीनदा मोठ्याने म्हटले, आणि शेवट ‘म्हणून’ने करायला विसरू नका, असं सरांनी बजावलं. तालात म्हटल्यामुळे मलाही पाठ झालं. वर छताला एलईडीच्या नळ्या लावलेल्या. त्या खोलीत कुंतल पाहिलेलं माणूस बहुधा सर आणि मी, दोघंच. पण त्याने काय बिघडतं? अफझलखान तरी कुणी पाहिलाय?

तेवढ्यात आमचा मुलगा उभा राहिला. ‘‘सर, माझ्या आजोबांच्या चष्म्याचा नंबर अडीच आहे. अडीच काय?’’

‘‘बाळा, तो सातवा धडा. ऑगस्टमध्ये घेऊ.’’

दुसऱ्या डेमोत त्याने पुन्हा तेच विचारलं. या सरांनी वेळ घालवला नाही. ‘‘भिंगाची शक्ती बरोबर एक भागिले नाभीय अंतर. अंतर मीटरमध्ये. एकक डायॉप्टर. लिहिलंस? एक मार्क. पुढे.’’ मला हे सर आवडले. मुलाने वहीत लिहून घेतलं, आणि घरी येताना रिक्षात विचारलं, ‘‘पण आई, अडीच काय?’’

तिसरे सर सगळ्यांत मोठे. त्यांच्या चपला तळमजल्यापर्यंत. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, डोळे मिटले, मागच्या दहा वर्षांचे पेपर मनातल्या मनात चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘हा असा येत नाही पेपरला.’’ आम्ही तिथेच फॉर्म भरला.

9. घरी येणारे सर : एक सावधगिरीची सूचना

काही पालकांना वाटतं, घरी कोणी येऊन शिकवलं तर बरं. त्यात चहा, पोहे, दिवाळीला फराळाचा डबा आणि ‘आज ट्रॅफिक होतं हो’ हे सगळं धरून हिशेब करा. पण खरा धोका वेगळाच आहे, तो सांगते.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा राहतो. क्लास सुरू व्हायला आठवडा होता, म्हणून मी त्याला म्हटलं, ‘‘जरा बस रे याच्याबरोबर.’’ तो बर्मुडा घालून आला, हात हलवत. ना पुस्तक, ना नोट्स. मी आत पोळ्या करत होते. अर्ध्या तासाने बाहेरून हसण्याचा आवाज आला. विज्ञान चाललं असताना मुलं हसत असतील तर समजून जा, काहीतरी चुकतंय. मी लाटणं घेऊनच बाहेर आले.

टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा पेला होता आणि त्यामागे कागदावर पेनाने काढलेला बाण. कागद मागे सरकवला की पेल्यातून बाण उलट्या दिशेने दिसायचा. चिरंजीव तो कागद पुढे-मागे करत खिदळत होते. मग त्या मुलाने आजोबांचा चष्मा मागितला. आजोबांनी तो काढून दिला. कोणी काही मागितलं याचाच त्यांना आनंद. त्याने हॉलमधला दिवा बंद केला आणि चष्म्याची एक काच खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून मागे-पुढे केली. भिंतीवर आधी नुसता उजेडाचा डाग होता. मग एकदम समोरची इमारत उमटली, रंगांसकट, उलटी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची हिरवी साडी दोरीवरून आकाशाकडे लोंबत होती. आजोबांना चष्म्याशिवाय ते दिसेना, म्हणून ते भिंतीला नाक लावून उभे राहिले.

मी पुढे होऊन रीतसर विचारलं, ‘‘हे कितव्या धड्यात आहे? किती मार्कांना?’’

‘‘माहीत नाही, काकू.’’

‘‘फी काय घेशील?’’

‘‘फी कसली? पोळी द्या एक.’’

बघा. ज्याला मार्क माहीत नाहीत आणि ज्याला फी नको, त्याच्या हाती आपण मुलाची दहावी द्यायची? मी त्याला पोळी दिली, वर गूळ-तूप दिलं आणि नारळही दिला.

10. प्रवेश झाल्यानंतर

आता विज्ञानाला कोण लावलंय, याला तुमच्याकडे उत्तर आहे. ते हळू आवाजात, सहज सांगितल्यासारखं सांगा. समोरची बाई ‘त्यांच्याकडे जागा मिळाली?’ असं म्हणेल. फीमधला बराचसा भाग या वाक्याचा आहे, तेव्हा ते पूर्ण ऐकून घ्या.

एक किरकोळ त्रास होईल, त्याची कल्पना देऊन ठेवते. आमच्याकडे दुपारी आजोबांचा चष्मा सापडेनासा झाला. पेपर वाचायचा खोळंबला म्हणून शोधलं, तर मुलगा हॉलचा दिवा बंद करून भिंतीपाशी उकिडवा बसलेला, माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन. काचेपासून भिंतीपर्यंत 40 सेंटिमीटर भरले. त्याने कॅलेंडरच्या मागे लिहिलं : 100 भागिले 40. मग आजोबांचं डोळ्यांच्या डॉक्टरांचं कार्ड आणून शेजारी ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, +2.50.

तुमच्या घरी असं काही आढळलं तर ओरडू नका. चष्मा काढून घ्या, आजोबांना द्या आणि मुलाला सॅक द्या. साडेसहाची बॅच आहे, चपला ठेवायला जागा मिळायची तर सव्वासहाला पोचावं लागतं.