भुतांचा हिशेबनीस

भूत पकडायला निघताना बरोबर काय काय घ्यावं, याची यादीच हॅरी प्राइस यांनी छापून ठेवली आहे. बुटांवरून चढवायचे मऊ जोडे, म्हणजे आपली चाहूल भुताला लागत नाही. पोलादी टेप. दोरा, खडू, दारंखिडक्या बंद करून ठोकायला शिशाची सीलं. कॅमेरा, टॉर्च, बोटांचे ठसे उठवायला ग्राफाइटची पूड. वाटीभर पारा, कारण घरात कुठे जराशी थरथर झाली की तो हलतो. बँडेज. आणि ब्रँडीची चपटी बाटली, कुणाला घेरी आलीच तर. ही घेरी भूत आल्यावरच यावी, अशी अट मात्र यादीत कुठे दिसत नाही.

प्राइससाहेब (१८८१–१९४८) पोटासाठी कागद आणि कागदी पिशव्या विकत. एका पेढीचे फिरते विक्रेते. उरलेल्या वेळात हौशी जादूगार, लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’चे सभासद. आणि त्यातूनही जो वेळ उरे, त्यात इंग्लंडातली भुतं, मांत्रिक, आत्म्यांशी बोलणारी माध्यमं आणि बोलती जनावरं तपासायचे. जन्म लंडनचा; पण लोकांना सांगायचे ते श्रॉपशायरचं बालपण. चरित्रकारांनी पुढे दाखले काढून हे बालपण बरंचसं मोडीत काढलं. तरी त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. आठ वर्षांचे असताना साहेबांनी श्रूजबरीत ‘सेक्वा’ नावाचा एक फिरता वैदू पाहिला म्हणे. हा सेक्वा बँड लावून दात उपटायचा. रोग्याची किंकाळी बँडमध्ये बुडून जाई आणि बघ्यांना वाटे, काय हलका हात आहे! साहेबांनी आयुष्यात कुणाचा दात उपटला नाही. बँड मात्र ते कधीही विसरले नाहीत.

हा नमुना आपल्याला परका नाही. गणपतीत मंडपामध्ये टोपीतून कबूतर काढायचं, आणि बाकीचं वर्ष दोन तोंडांच्या वासराची, आपोआप पेट घेणाऱ्या गंजीची कात्रणं वहीत चिकटवायची, असा एक गृहस्थ बहुतेक गावांत असतोच. ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारलंत तर तो दुखावतो. त्याची अपेक्षा एवढीच, की तुम्ही वही शेवटच्या पानापर्यंत बघावी. प्राइससाहेबांची वही वाढत वाढत तेरा हजारांवर पुस्तकं-पुस्तिकांची झाली आणि आज लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात आहे. फरक असला तर तेवढाच.

या वहीतलं सर्वांत देखणं पान बोकडाचं. १९३२ साली गटेच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली. त्याच्या ‘फाउस्ट’मध्ये चेटकिणी ज्यावर जमतात तो ब्रोकन डोंगर जर्मनीत हार्ट्‌झच्या रांगेत आहे. साहेबांना एका जुन्या हस्तलिखिताचा सुगावा लागला होता. त्यातला विधी यथासांग केला आणि निष्पाप मनाच्या कुमारिकेने साथ दिली, तर बोकडाचा तरुण होतो. साहेब लंडनहून निघाले. सोबत सी. ई. एम. जोड. हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. त्यांना कुणी काय सांगून नेलं असेल, देव जाणे. डोंगरावर रात्री वर्तुळ आखलं, कुमारिका उभी राहिली, लेपन झालं, मंत्र झाले. वार्ताहर आणि कॅमेरेवाले थंडीत कुडकुडत बोकडाकडे टक लावून बसले. बोकड बोकडच राहिला. साहेबांनी प्रसन्न चेहऱ्याने जाहीर केलं, की असली मंत्रविद्या पोकळ आहे, हेच तर आम्हाला दाखवायचं होतं!

बारकाईने पाहिलं तर या प्रयोगात हरायला जागाच नव्हती. तरुण उभा राहिला असता तर साहेब जगज्जेते. नाही राहिला तर विज्ञाननिष्ठ. बोकडाला दोन्हीतलं काहीच मिळालं नाही.

त्याहून अवघड प्रकरण मुंगसाचं. आयल ऑफ मॅन बेटावर डाल्बीजवळ टेकडीवर एकाकी शेतघर होतं. तिथल्या कुटुंबाने १९३१पासून सांगायला सुरुवात केली, की आमच्या भिंतीत एक मुंगूस राहतं आणि ते बोलतं. त्याचं नाव जेफ. गाणी म्हणतं, शेजारच्या बातम्या आणतं, चिडलं तर शिव्या देतं. आणि जन्म? दिल्लीत, ७ जून १८५२! म्हणजे सत्तावन्नच्या उठावात स्वारी पाच वर्षांची, आणि इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांत गाजली तेव्हा ऐंशीच्या घरात. इतका जुना साक्षीदार हाताशी असताना सत्तावन्नबद्दल त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, ही इतिहाससंशोधकांची अक्षम्य हेळसांड म्हटली पाहिजे.

जुलै १९३५मध्ये साहेब बीबीसीच्या ‘द लिसनर’ साप्ताहिकाचे संपादक आर. एस. लॅम्बर्ट यांना घेऊन बेटावर पोचले. मुंगूस गायब. घरच्यांनी हाका मारल्या, पाहुणे आलेत म्हणून विनवलं, भिंत गप्प. पाहुण्यांची पाठ फिरली आणि जेफ परत आल्याची बातमी निघाली. साहेबांनी रिकाम्या घराचीही नोंद केलीच. दगडी भिंतींना आतून लाकडी फळ्या, मध्ये पोकळी, त्यामुळे सगळं घर म्हणजे एक मोठी बोलनळी. एवढं लक्षात आल्यावर दुसरा माणूस पुढच्या बोटीने घरी गेला असता. पण जेफचे म्हणून जे केस आले होते, ते साहेबांनी तज्ज्ञाकडे पाठवले. उत्तर आलं, कुत्र्याचे आहेत. त्या घरात कुत्रा होता. पावलांचे ठसे तपासले, ते मुंगसाचे निघेनात. यानंतर साहेबांनी आणि लॅम्बर्ट यांनी मिळून १९३६ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात ‘मुंगूस आहे’ असं नाही आणि ‘मुंगूस नाही’ असंही नाही. असं पुस्तक लिहायला जिगर लागते.

पुस्तकाचा फायदा झाला तो लॅम्बर्टना, तोही आडवळणाने. बोलत्या मुंगसावर विश्वास ठेवणारा माणूस ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मंडळावर नको, असं सर सेसिल लेव्हिटा बोलून गेले. लॅम्बर्टनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि ७,५०० पौंड मिळवले. मुंगसापायी एवढी रक्कम आपल्या कुठल्याही गारुड्याने पाहिलेली नसेल.

आता साहेबांची थट्टा करताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हातचलाखी स्वतः करणारा माणूस दुसऱ्याची हातचलाखी ओळखतो, आणि या बाबतीत साहेब भल्याभल्या प्राध्यापकांना भारी होते. हेलन डंकन या माध्यमबाई अंधाऱ्या खोलीत तोंडातून ‘आत्मद्रव्य’ काढून दाखवत. १९३१ साली साहेबांनी त्यांना, असल्या तपासांसाठी काढलेल्या आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं, फोटो काढले आणि फोटोत ते द्रव्य नीट पाहिलं. चक्का टांगायला वापरतात तसलं जाळीदार सुती कापड! बाई ते आधी गिळतात आणि मग वर आणतात, असा साहेबांचा निष्कर्ष. एक्स-रे काढू या म्हटल्यावर बाईंनी आकांत मांडला आणि थेट रस्त्यावर धाव घेतली. पुढे १९४४मध्ये त्यांना शिक्षा झाली, ती १७३५च्या चेटूकविरोधी कायद्याखाली.

कुदा बक्षचं प्रकरणही तसंच सरळ. हा काश्मीरकडचा जादूगार सप्टेंबर १९३५मध्ये सरे परगण्यात, डॉक्टरांसमक्ष निखाऱ्यांवरून अनवाणी चालून गेला आणि पायाला काही झालं नाही. साहेबांनी चमत्कार वगैरे काही म्हटलं नाही. लाकडाचा निखारा उष्णता सावकाश देतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकतं, एवढंच. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते निखाऱ्यांवरून चालून दाखवतात तेव्हा हेच सांगतात. मात्र कार्यकर्ते चालून झाल्यावर कारण सांगून घरी जातात. साहेब कारण सांगून पुढच्या तमाशाची जाहिरात करत.

कारण खरी ओढ उत्तराची नव्हतीच, प्रेक्षकांची होती. १० मार्च १९३६ला त्यांनी केंटमधल्या एका झपाटलेल्या घरातून बीबीसी रेडिओवर थेट प्रक्षेपण केलं. देशभरातले लोक कान देऊन बसले. साहेबांनी उपकरणं समजावली, दारं सील केली, तापमान सांगितलं. भूत आलं नाही. रेडिओवर काहीही न घडणं इतक्या तपशिलात आणि इतक्या उत्कंठेने ऐकवणारा दुसरा माणूस त्या काळी असेल, असं वाटत नाही.

मग बोर्ली. एसेक्समधलं हे पाद्र्याचं जुनं घर म्हणजे साहेबांची कर्मभूमी. १९२९मध्ये ‘डेली मिरर’ने पहिल्यांदा तिकडे नेलं. १९३७मध्ये त्यांनी ते वर्षभरासाठी भाड्यानेच घेतलं आणि ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली: रात्रभर पहारा करायला निर्भय, चिकित्सक माणसं हवीत. विद्यार्थी आणि इतर मिळून ४८ जण जमले. प्रत्येकाच्या हाती छापील पुस्तिका दिली. तीत पहारा कसा द्यावा हे होतंच, शिवाय या घरात आजवर काय काय दिसलं आणि ऐकू आलं, तेही होतं. पोरं बिचारी प्रामाणिक. पुस्तिकेतलं पुष्कळसं त्यांना ऐकू आलं.

फेब्रुवारी १९३९मध्ये घर जळालं. दुसऱ्या कुणाचा धंदा बसला असता. साहेबांनी १९४०मध्ये ‘इंग्लंडातलं सर्वाधिक झपाटलेलं घर’ म्हणून पुस्तक काढलं आणि १९४६मध्ये त्याचा पुढचा भाग. साहेब गेल्यावर ‘डेली मेल’च्या एका वार्ताहराने जुनी आठवण काढली: बोर्लीत अंधारात भुताने फेकलेला खडा डोक्यात बसला, म्हणून त्याने साहेबांना धरलं आणि खिसे चाचपले, तर खिसे खड्यांनी भरलेले! हे खरं की वार्ताहराची मरणोत्तर हुशारी, यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर, जो माणूस यादीत ब्रँडीही विसरला नाही, तो खडे विसरेल हे मनाला पटत नाही.

१९४४मध्ये त्या घराचं पाडकाम चालू असताना ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने फोटो घेतला आणि फोटोत एक वीट दारात अधांतरी तरंगताना दिसली. पाडकामावरचा मजूर आतून विटा बाहेर भिरकावत होता. सोबत आलेल्या संशोधक बाईंनी पुढे तसं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी तो फोटो आपल्या पुस्तकात छापला आणि लिहिलं, की हा प्रकार जर अस्सल असेल, तर उडत्या भुताटकीच्या विटेचा हा जगातला पहिला फोटो. त्या ‘जर’ची जबाबदारी त्यांनी वाचकांवर सोपवली. मजुराला विटेमागे काय मिळालं, ते पुस्तकात आलेलं नाही.