मत घरपोच, पगार रांगेत

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूरने 7 मे रोजी मतदान केले. पण 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ज्या मतदारांनी घरून मतदानासाठी 12-डी नमुना भरून दिला होता, त्यांच्या घरी लोकशाही त्याआधीच पोचली होती. मतदान अधिकारी आले, बरोबर पोलीस आला, कॅमेरेवाला आला. खोलीच्या कोपऱ्यात आडोसा उभा राहिला, मत पाकिटात बंद झाले आणि लवाजमा पुढच्या घरी गेला. कोण कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर राहतो, हे प्रशासनाला बिनचूक ठाऊक होते. याबद्दल निवडणूक आयोगाचे कौतुकच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की मतमोजणी झाल्यावर तो पत्ता जातो कुठे? कारण तोच माणूस संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तो निराधारचा पगार मागायला निघाला, की सरकार घरी येत नाही. त्यानेच सरकारकडे जायचे असते, आणि शक्यतो पुन्हा पुन्हा.

ही योजना 1980 पासूनची, त्यामुळे तिचे कागदही चांगले मुरलेले आहेत. आधार, रेशनकार्ड, वयाचा दाखला, 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, फोटो आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदासाठी लागणारे तज्ज्ञ तालुक्याला नसले की सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल गाठायचे. करमाळ्याच्या माणसाला हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर पडते. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण ती प्रमाणपत्र दाखवल्यावर. प्रमाणपत्र काढायला जाताना तिकीट पूर्ण. मग नावाची भानगड निघते. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि संगणकावर इंग्रजी अशा या सोलापुरात एकाच लक्ष्मीचे स्पेलिंग आधारवर ‘एक्स’ने आणि पासबुकात ‘केएसएच’ने झाले नाही तरच नवल. तेवढ्यावरून ही लक्ष्मी ती लक्ष्मी नव्हे असे संगणक ठरवतो, आणि तिने प्रतिज्ञापत्र करून स्वतःशी असलेले नाते सिद्ध करायचे. एवढे करून पगार सुरू झालाच तर दर वर्षी हयातीचा दाखला आहेच. आपला नागरिक गेला की काय, ही काळजी सरकारला वर्षातून एकदा वाटतेच. फक्त ती वाटल्यावर पाहायला जायचे सोडून त्यालाच बोलावून घेतले जाते.

कागदांपेक्षा कडक आहे ती उत्पन्नाची अट. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवे. आता सरकारचाच दर घेऊ. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने या दराने 161 दिवस खडी फोडली की कुटुंब सरकारी हिशेबात सधन होते! याच सरकारने 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही माफ केला. काही महिन्यांत दोन कोटींवर महिलांच्या खात्यांत पैसे गेले. म्हणजे मनात आले तर यंत्रणा किती वेगाने पळते, हे तिनेच दाखवून दिले. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 24 सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत मिळावी. 2024 मध्ये बहिणीलाही 1,500 आणि दिव्यांगालाही 1,500 होते. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचा पगार 2,500 झाला, हे मान्य करायलाच हवे. रक्कम वाढली, तिच्यापर्यंत जाणारा जिना मात्र तेवढ्याच पायऱ्यांचा राहिला.

यावर कचेरीचे पहिले उत्तर तयार असते: बोगस प्रमाणपत्रे फार झाली आहेत, कडक राहावेच लागते. बोगस प्रमाणपत्रे आहेत, यात शंका नाही. 2025 मध्ये दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांमधल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे पुन्हा तपासायला लावली, ती उगाच नव्हे. पण ही तपासणी कुठे लागली, ते पाहा. नोकरी, बढती आणि सोयीची बदली जिथे मिळते तिथे. लबाड माणूस हिशेबी असतो. त्याला कागद जमवता येतात, साहेबांना भेटता येते, खेटे घालायला गाडीही असते. कागदांच्या चाळणीतून तो सहज पार होतो आणि जिच्या घरी पोचवणारे कोणी नाही ती अंथरुणाला खिळलेली बाई वरच अडकते. लबाडी पकडायची तर घरी जाऊन पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि नेमका तोच उपाय आपण मतपत्रिकेसाठी राखून ठेवला आहे.

दुसरे उत्तर असते, माणसे कुठे आहेत? निवडणुकीत होती तीच. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, तहसीलचे कर्मचारी. तेव्हा त्यांनी मुदतीत घरे गाठली. पगारासाठी तर मुदतीची घाईही नाही. तिसरे उत्तर, मदतीला सेवा केंद्रे आहेत, शिबिरे होतात. आहेत आणि होतातही. राज्याने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला आणि पुढच्या वर्षी हा विभाग दिव्यांगांच्या दारी निघाला. दार बहुधा जिल्ह्याच्या गावी निघाले. तिथे मांडव पडला, मान्यवरांची भाषणे झाली आणि ज्यांच्या दारी जायचे होते त्यांनी गाड्या करून मांडव गाठला. सेवा केंद्राचे म्हणाल, तर अर्ज भरायला मधला माणूस लागतोच, असा अर्ज करून ठेवला की मधल्या माणसाची सोय होते, अर्जदाराची नाही.

दिव्यांगांना यूडीआयडी हे ओळखपत्राचे कार्ड देताना सरकार माणसाचे नाव, पत्ता, वय आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी स्वतःच नोंदवून घेते. रेशनकार्डाची नोंद सरकारकडे आहे, आधार सरकारकडे आहे. एवढे हाताशी असताना 40 टक्क्यांचे कार्ड निघाल्याबरोबर तहसीलने घरी जाऊन पाहावे आणि पगार सुरू करावा. उत्पन्नाची मर्यादाही लाडक्या बहिणीइतकी करावी. ते होईपर्यंत अर्जदारांनी एवढे करावे: प्रमाणपत्राआधी आधार, रेशनकार्ड आणि पासबुकातले नाव एकसारखे करून घ्यावे, अर्ज दिला की तारखेची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, आणि दाखला रखडला तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करावे. आणि पुढच्या निवडणुकीत मतपेटी घेऊन पथक घरी आले, तर मत द्यावे आणि पगाराच्या अर्जाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवावी. ज्यांना घर सापडते, त्यांना तहसील कार्यालयही सापडेल.